हवेला औक्षण

"वहिनी, तुम्ही आपल्या गाडीतच बऱ्या," तात्या नलवडे म्हणाले आणि बशीतल्या चहावर फुंकर घालू लागले.

"मी विचारायला नाही आले, तात्या. सांगायला आलेय."

"शेवटची सायकल कधी चालवली होती?"

"सातवीत. दांड्याखालून पाय घालून."

"मग आता दांड्यावरून तरी पाय जाईल का?"

आतून तात्यांच्या बायकोनं "अहो!" म्हणून दटावलं. मला राग आला नाही. तात्या जन्मभर सांगलीच्या एका शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त होताना शिट्टी बरोबर घेऊन आले आणि जीभही. शिवाय ते माझ्या नवऱ्याचे, सदानंदचे, जिवाभावाचे मित्र. डिसेंबर आला की दोघं सायकली काढून सांगलीहून मालवणला जायचे. गगनबावड्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाट उतरून थेट समुद्र. मी दोघांना वेड्यात काढायची. सदा हसायचा आणि चेनला तेल घालत बसायचा.

मग सदाला रक्ताचा कॅन्सर झाला. मिरजेच्या हॉस्पिटलात जवळजवळ वर्ष काढलं आणि तो गेला. त्या वर्षात मी जिन्यात बसून जे मिळेल ते खायची. चहात बिस्किट बुडवून जेवण म्हणायची. तात्यांनी ते पाहिलं होतं. सदाचे दिवस झाल्यावर ते घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, डिसेंबरची फेरी बंद करायची नाही. सदाच्या नावानं करायची. वर्गणी जमेल त्यातून पेशंटच्या नातेवाइकांना रोज दोन वेळचं गरम जेवण." अशी ती स्मृती फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी पाच-सहा सायकली होत्या, पुढे गाव जोडलं गेलं.

तीन वर्षं मी त्या फेरीत जीपमध्ये होते. केळी, चिक्की, पाण्याचे कॅन घेऊन पुढे जायचं, झाडाखाली टेबल मांडायचं, सायकली आल्या की वाटायचं. आणि सगळ्यांच्या आधी मालवणला पोचून तबक घेऊन उभं राहायचं.

ते तबकच मला नको झालं होतं.

शेवटच्या टप्प्यात सगळे दोन-दोनच्या रांगेत येत. सर्वांत पुढे उजवीकडे तात्या, आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा रिकामी. ती सदाची. किनाऱ्याच्या रस्त्यावर सगळे थांबले की मी आधी तात्यांना ओवाळायची, मग त्या रिकाम्या जागेला. पहिल्या वर्षी मला हुंदका आवरला नाही. दुसऱ्या वर्षी फोटोवाला म्हणाला, "वहिनी, निरांजन जरा वर घ्या, चेहरा दिसत नाही." निरांजन तर दरवर्षी विझायचं. समुद्र त्या डाव्या अंगालाच, वारा थेट तबकात. तिसऱ्या वर्षी विझलेलं निरांजन हवेपुढे फिरवताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरा गेला, हे मला रोज सकाळी एकच कप चहा टाकताना कळतं. ते दरवर्षी चारचौघांत तबक घेऊन मीच का सिद्ध करून दाखवायचं?

पण हे बोलणार कुणाजवळ? सगळे इतक्या मायेनं करत होते. तात्या तर त्या जागेकडे बघून शेवटचे दोन तास तोंडातून शब्द काढत नसत. फक्त माझ्या लेकीला, मृदुलाला, मी सांगितलं. ती तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होती.

"सायकलवरून ये," ती म्हणाली. "सायकलवर असलीस तर तुझ्या हातात तबक कोण देणार? मी ओवाळीन."

"आणि मध्येच दमून जीपमध्ये बसले तर?"

"तर मग तूच. तू शेजारी उभी असताना मी कशी ओवाळू? लोक काय म्हणतील?"

पोरीनं सौदा चोख केला होता. म्हणून मी तात्यांच्या ओसरीवर बसले होते आणि ते माझ्या पायांकडे बघत होते.

"बरं," शेवटी बशी ठेवून ते म्हणाले. "रविवारी पहाटे हरिपूर रोडला या. साडी नको."

नवशिक्यांची ती तुकडी बघण्यासारखी होती. दोन बँकवाले, एक पार्लरवाली, एक मास्तरीण, मी, आणि बसगोंडा हुक्केरी. बसूअण्णांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. माणूस अंगानं अघळपघळ. सायकलवर बसले की सायकल दिसायची नाही, नुसते अण्णा तरंगत चालल्यासारखे वाटायचे. कपड्यांना हळदीचा वास कायम.

"अण्णा, तुम्हाला कुठनं सुचलं हे?" मी विचारलं.

"आईला मिरजेला ठिवलं हुतं वैनी, गेल्या साली. दिवसभर धावपळ, पोटात काय न्हाई. तर एक पोरगी आली आन् ताट हातात दिलं. म्हटलं पैशे? तर म्हनली, पैशे न्हाईत, जेवा. खिशात पैसा आसून मला त्या दिवशी ताट मिळालं न्हवतं बगा, तिनं दिलं. मग चौकशी केली, कुनाचं काय. तवा आलो."

ते ताट सदाच्या नावाच्या जेवणातलं होतं.

पहिले चार रविवार नुसता बसण्याचा त्रास. सायकलची सीट म्हणजे काय चीज आहे ते बसणाऱ्यालाच ठाऊक. पार्लरवालीनं मला गादीची चड्डी आणून दिली. ती घालून, वर सलवार, वर सदाचा जुना ढगळ शर्ट अशी मी गल्लीतून निघाले की समोरच्या जोशीकाकू झाडू हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "वैजयंती, अगं काय हे!" मी म्हटलं, "गादी आहे काकू, बसून बघता का?" त्यानंतर त्या मी गेल्यावर झाडायला येऊ लागल्या.

तात्यांची शिकवण सगळी एका गोष्टीभोवती फिरायची. ते म्हणायचे, "चढाला काय घाबरता? चढ कधीतरी संपतो. सायकलवाल्याचा खरा वैरी वारा. पुढचा माणूस वारा फोडतो, मागच्यानं त्याचं चाक धरायचं. हातभर अंतर, जास्त नाही. चाक सुटलं की गॅप पडली. गॅप पडली की वारा आत शिरला, आणि मग तुम्ही एकटे. दोन मैलांत जीभ बाहेर."

आज नव्या लोकांना हे मीच सांगते, त्यांच्याच शब्दांत. तेव्हा मात्र वाटायचं, म्हातारा एकच पाढा किती वेळा म्हणणार.

"आणि गॅप दिसली की भरायची!" शिट्टी वाजवून ते ओरडायचे. "मी सांगायची वाट बघायची नाही. पुढं कोण, मागं कोण, कुणाचा मान, काही बघायचं नाही. गॅप दिसली, पाय हलले. बस्स."

यात सगळ्यांत ढ बसूअण्णा. त्यांना सायकलवर गप्पा मारायची खोड. बोलता बोलता मागे पडायचे आणि मागची सगळी रांग तुटायची.

"बसूअण्णा, गॅप! मधनं बैलगाडी जाईल!"

"जाऊ द्या की तात्या, तिलाबी मालवनला जायाचं आसंल."

मग तात्यांनी त्यांना एकट्याला धरलं. संध्याकाळी यार्डातून सुटले की दोघं हरिपूर रस्त्यावर, एक पुढे, एक मागे, आणि शिट्टी. दिवाळी झाली तोवर अण्णांच्या हाडात ते मुरलं. इतकं की यार्डातल्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत पुढच्या पाहुण्याला त्यांनी ढोसलं, "सरका की पुढं, गॅप पडलीया." तात्या हे सगळ्यांना सांगत सुटले. विद्यार्थी चांगला निघाला की मास्तर असाच करतो.

डिसेंबरात निघालो. पहिला दिवस सरळ गेला. कोल्हापूरच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर, धूळ, मग गगनबावड्याकडे चढ. मी बसूअण्णांच्या मागे होते. त्यांच्या पाठीआड वारा म्हणून लागत नव्हता. थांब्यावर मृदुला केळी सोलून हातात देत होती आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम ताठ उभी राहायची. पाय लटपटत होते, पण ते सलवारीत झाकलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरलो. तात्या वळणावळणावर ओरडत होते, "ब्रेक दाबून धरू नका! दाबा, सोडा! दाबा, सोडा!" खाली पोचलो तर माझी बोटं वाकडीच राहिली होती, चहाचा कप धरवेना. मास्तरणीनं घाटातच जीप गाठली होती. तिला कुणी हसलं नाही. पण जीपच्या मागच्या सीटवर तबक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं होतं, ते मला उघड्या दारातून दिसलं.

कसालला जेवलो. जेवण झाल्यावर तात्यांनी सगळ्यांना झाडाखाली बोलावलं. आवाज एकदम खाली आला होता.

"इथनं पुढं दोन-दोनच्या रांगेत. मी उजवीकडं. माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी ठेवायची. ती सदाची. तिथं कुणी यायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, या वर्षी तुम्ही सायकलवर आहात. तुम्ही सदाच्या मागं. दुसरी कुठली जागा तुम्हाला शोभायची नाही."

पार्लरवालीनं डोळ्याला रुमाल लावला. बसूअण्णा हात जोडून, मान खाली घालून उभे होते. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

म्हणजे पुढे तात्या आणि त्यांच्या डावीकडे मोकळी जागा. त्यामागे तात्यांच्या चाकाला बसूअण्णा आणि मोकळ्या जागेमागे मी. बाकीचे आमच्या मागे.

कट्टा सोडलं आणि वारा सुरू झाला. दुपारनंतर समुद्रावरून येतो तो, थेट तोंडावर. तोवर मला वाटत होतं, आता काय, आलंच मालवण. पण सायकल पुढे जाईना. गिअर उतरवला. आणखी उतरवला. मांड्या पेटल्या. मागे पार्लरवाली बँकवाल्याला सोलकढीची कृती सांगत होती. उजवीकडे बसूअण्णा गुणगुणत होते. आणि मी तोंड उघडं टाकून श्वास शोधत होते. मला कळेना, रस्ता तोच, चढ तोच, मग मीच एकटी का मरतेय?

मग कळलं. मी नेहमीच्या सवयीनं खाली बघत होते, पुढचं चाक शोधत होते. पुढे चाक नव्हतं. नुसता डांबरी रस्ता. सगळ्यांच्या पुढे कुणीतरी होतं, तात्यांपुढे कुणी नव्हतं आणि माझ्यापुढे कुणी नव्हतं. तात्यांना वाऱ्याची जन्माची सवय. सदाच्या जागेतून सगळा वारा सरळ माझ्यावर येत होता.

हे सांगायचं कसं? 'तात्या, मला नवऱ्यामागून हलवा' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

जीप हळू होऊन शेजारून चालू लागली. मृदुलानं काच खाली केली. तिचा हात दाराच्या कडीवर होता.

तात्यांनी मागे पाहिलं. "वहिनी, बसता का थोडं? आपलीच माणसं आहेत. कमीपणा नाही."

मी नुसती मान हलवली. बोलायला दम नव्हता. तात्यांनी पुढे बघितलं, मग डावीकडे, त्या मोकळ्या रस्त्याकडे. त्यांचा चेहरा असा होता की जणू तिथं कुणीतरी बरोबरीनं पायडल मारतंय. मला त्यांची माया कळत होती आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटत होतं, 'तात्या, तो नाहीये हो! असता तर मला एवढा वारा लागला असता का?'

कुंभारमाठच्या अलीकडे चढ लागला. माझी सायकल वेडीवाकडी जाऊ लागली. आता पाय टेकणार, हे मला समजलं. पाय टेकला की जीप. जीप की तबक. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं आलं की कशानं, कोण जाणे.

आणि माझ्या उजव्या बाजूनं ती प्रचंड पाठ पुढे सरकली. गुणगुणत गुणगुणत, खाली मान घालून, दोन दणकट पायडल मारून बसूअण्णा तिरके पुढे झाले आणि माझ्यापुढे, तात्यांच्या डाव्या हाताला, बरोब्बर त्या जागेत जाऊन बसले. वारा थांबला. दार लावल्यासारखा थांबला. त्यांच्या मागे रिकामी झालेली जागा मागच्या बँकवाल्यानं भरली, त्याची पार्लरवालीनं. कुणी शिट्टी वाजवली नव्हती. सगळी रांग आपोआप मिटली, शिकवली होती तशी.

तात्यांना शेजारी कुणीतरी दिसलं. ते दचकले.

"बसूअण्णा! अहो काय करालाय? ती जागा..."

अण्णांचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे तात्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा कान लालेलाल झाला. "आयला! तात्या, चुकलं ओ! गॅप दिसली आन् पाय हलले. डोक्यात न्हवतं कायबी!" आणि त्यांनी मागे यायला ब्रेक दाबला. माझं चाक त्यांच्या चाकाला लागता लागता राहिलं.

"अण्णा, ब्रेक सोडा!" मी ओरडले. एवढा आवाज माझ्यात उरला होता हे मलाही माहीत नव्हतं. "पुढे चला!"

"वैनी, ही जागा मालकांची हाय..."

"असू दे. मला चाक पाहिजे."

सायकलींच्या चेनचा आवाज येत होता. अण्णा ना पुढे ना मागे असे अडकले होते आणि तात्यांच्या मानेकडे बघत होते. तात्यांची मान ताठ होती. त्यांना लागलं असणार. तीन वर्षं त्यांनी आपल्या मित्राला बाजूला धरून आणलं होतं, आणि मी त्याच्या जागी एक हळदीचा अडत्या बसवला होता. पण मी शब्द मागे घेतला नाही. मला खरंच चाक पाहिजे होतं.

चढ संपला. मग तात्या पुढेच बघत, खाकरून म्हणाले, "बसूअण्णा, हँडल सरळ धरा. हलवू नका. मागं वहिनी आहेत."

"व्हय, तात्या."

मी त्या हळदीच्या वासाच्या पाठीमागे रडले. पोटभर रडले. पाय मात्र फिरत होते, आणि कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता, समोर एवढा माणूस होता.

मालवणात शिरलो तेव्हा ऊन कललं होतं. रस्ता किनाऱ्याला वळला आणि समुद्र डाव्या हाताला आला. लोक टाळ्या वाजवत होते. मृदुला तबक घेऊन उभी होती, एक हात निरांजनाभोवती धरून. आम्ही थांबलो. माझे पाय जमिनीला लागले, दमून नव्हे, मी टेकवले म्हणून.

तिनं आधी तात्यांना ओवाळलं. मग त्यांच्या डाव्या हाताच्या जागेकडे वळली आणि थबकली. तिथं बसूअण्णा होते, घामानं निथळत, चोरासारखा चेहरा करून. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी आपल्या हँडलवरच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ओवाळ गं पोरी. गॅप भरायला मीच शिकवलंय त्याला."

"मला कशाला, बाळ?" अण्णा पुटपुटले. "डोक्याला टोपीबी न्हाई."

"हेल्मेट आहे की," ती म्हणाली.

फोटोवाला पुढे आला, त्याला काय चाललंय ते कळेना, आणि तो मागे झाला. मृदुलानं हेल्मेट जरा वर सारून अण्णांच्या कपाळावर कुंकू लावलं. निरांजनाभोवतीचा हात काढून तबक दोन्ही हातांत धरलं आणि ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी सायकलवर तशीच वाकून बघत होते. ज्योत हलली, पण राहिली. अण्णा समुद्राकडे पाठ करून तिच्याकडे वळले होते; वारा त्यांच्या पाठीवर आपटत होता, शर्ट फडफडत होता, आणि त्यांच्या पुढ्यात तबकाजवळ काहीच हलत नव्हतं.

"आई," मृदुला हळूच म्हणाली, "विझलं नाही."

बसूअण्णा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. एवढे लोक, एवढी शांतता त्यांना सोसेना. मान वळवून त्यांनी मला विचारलं, "वैनी, सोडू का आता जागा?"

"नको अण्णा," मी म्हणाले. "थोडा वेळ उभे राहा."